स्विमिंग पुलाचं प्लास्टर फुगलंय? आधी ठोकून बघा

जुन्या स्विमिंग पुलावर नवा थर मारायला गवंडी आला की त्याला आधी हातोडी घेऊन सगळ्या भिंती नि तळ ठोकत फिरायला लावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. 'बद्द' वाजलं तर तिथलं प्लास्टर काँक्रीटपासून सुटलंय. त्यावर कितीही भारी माल चढवा, तो जुन्या पापुद्र्यासकट निघणारच. खडूनं खूण करा आणि पार काँक्रीट लागेपर्यंत फोडा. कडा उतरत्या ठेवू नका, कटरनं सरळ, उभ्या कापा. पातळ कडेलाच नवं प्लास्टर आधी सुटतं. मग धूळ धुवा, पृष्ठभाग भिजवा, वर पाणी साचलेलं नसताना सिमेंट-बाँडिंगचा (नवं प्लास्टर काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या मिश्रणाचा) हात मारा आणि तो ओला असतानाच प्लास्टर करा. निम्म्याहून जास्त भाग बद्द वाजला तर ठिगळं लावत बसू नका, सगळंच काढा.

कोल्हापुरात हे काम पावसाळ्यात नकोच. पंचगंगा फुगते तेव्हा नदीकाठच्या भागात जमिनीतलं पाणीही वर येतं आणि पुलाच्या रिकाम्या टाकीला खालून उचलू पाहतं. उन्हाळ्यात धरा, पण दुपारच्या उन्हात प्लास्टर नको, आणि नव्या प्लास्टरवर ओली गोणपाटं किमान 7 दिवस ठेवा.