जनावराला जुलाब देताना या चुका टाळा

खानापूरकडं भाताचं पिंजर, अथणीकडं ज्वारीचा कडबा. उन्हाळ्यात वैरण सुकी आणि पाणी कमी, मग म्हशीचं शेण घट्ट होणारच. अशा वेळी घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो: जुलाब पाजा. माझं कळकळीचं सांगणं आहे, शेण का अडलं ते आधी बघा.

म्हैस नुकतीच व्यालेली आहे, कान गार आहेत, मान पोटाकडं वळवून बसली आहे? मग हा दुग्धज्वर असण्याची शक्यता मोठी. रक्तातलं कॅल्शियम घटलं की आतडीही सुस्तावतात. तिला डॉक्टरांकडून शिरेतून कॅल्शियम मिळायला हवं. तिची गिळण्याची ताकदही कमी झालेली असते, त्यामुळं पाजलेलं औषध फुफ्फुसात उतरतं. शेणाऐवजी नुसती रक्ताळलेली आव पडत असेल, जनावर कुंथत आणि पोटावर लाथा मारत असेल, तर आतडं आतड्यात शिरल्याचा संशय घ्यावा. तिथं जुलाब म्हणजे बंद वाटेवर आणखी जोर लावणं. तार-खिळा गिळल्याची शंका असली तरी जुलाब नकोच.

सगळ्यात जास्त नुकसान पाजताना होतं. एकजण मुंडकं वर ताणून धरतो, दुसरा जीभ ओढतो आणि तिसरा बाटली रिकामी करतो. असं कधीही करू नका. नाकपुडी डोळ्यांच्या पातळीच्या वर नेऊ नका, जीभ मोकळी ठेवा, घोट घोट पाजा आणि ठसका लागला की लगेच तोंड सोडा. लिक्विड पॅराफिन, म्हणजे जुलाबासाठीचं खनिज तेल, तर बाटलीनं पाजूच नये. ते बेचव आणि गुळगुळीत असतं, श्वासनलिकेत गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. ते डॉक्टरांनी नळी घालूनच द्यावं.

दुसरी चूक जुलाबाच्या मिठाची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची. ते आतड्यात पाणी ओढून शेण मऊ करतं. मोठ्या जनावराला साधारण 250 ते 500 ग्रॅम, तेही भरपूर पाण्यात विरघळवून. डोळे खोल गेलेल्या, अंगातलं पाणी आटलेल्या जनावराला ते दिलं तर उरलंसुरलं पाणीही आतड्यात जातं. उसाला खत म्हणून घालायच्या पोत्यातलं हे मीठ तर अजिबात काढू नका. झिंक सल्फेटही तसंच पांढरं, खडेदार दिसतं आणि ते विषारी ठरतं. मेडिकलमधलं औषध, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं, एवढंच घ्या. गाभण जनावराला, विशेषतः दिवस भरत आलेल्या, विचारल्याशिवाय कुठलाच जुलाब नको.

दोन तासांत शेण पडलं नाही म्हणून दुसरा डोसही देऊ नका. चार कप्प्यांच्या पोटातून औषध पुढं सरकायला रात्र जाते, कधी त्याहून जास्त. पॅराफिन रोज रोज दिलं तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

पोट डाव्या बाजूनं फुगलं, रवंथ थांबली किंवा दिवसभर शेणच नाही, तर 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन लावा. शेवटचं शेण कधी आणि कसं पडलं, व्याली कधी, काय काय पाजलं, हे सगळं सांगा. घरगुती काढा दिला असेल तर तोही लपवू नका.