एक बॅले, तीन संच: 'स्वान लेक'च्या मोसमात नर्तकांबद्दल मत कसं बनवावं

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये 'स्वान लेक' लागलं की काही आठवड्यांतच ओडेट-ओडिल (शापाने हंसिणी झालेली राजकन्या आणि तिची कपटी प्रतिमा, दोन्ही एकच नर्तिका नाचते) आणि राजपुत्र सिगफ्रीडच्या कितीतरी जोड्या आलटूनपालटून रंगमंचावर येतात. संच बदलला म्हणून तेच नाटक पुन्हा पाहायची सवय मराठी प्रेक्षकाला आहेच, त्यामुळे एकाच बॅलेची तीन तिकिटं काढणं त्याला फारसं विचित्र वाटत नाही. घोळ पुढे होतो. तीन संच पाहून झाल्यावर चर्चा येऊन थांबते ती एकाच प्रश्नावर: तिच्या बत्तीस फुएते (एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या) पूर्ण झाल्या का? त्या गिरक्या मिनिटभरही चालत नाहीत, आणि भूमिका तीन अंकांत पसरलेली आहे.

संच खरोखर ताडून पाहायचे असतील तर प्रत्येक प्रयोगात त्याच ठरावीक जागा पाहाव्यात आणि उरलेला वेळ सरळ नाच बघावा. त्या जागा कोणत्या, तिथे काय बिघडतं आणि का, ते पुढे.

आधी आवृत्ती कोणती ते पाहा

'स्वान लेक' पहिल्यांदा १८७७ मध्ये मॉस्कोत झालं, पण आज आपण पाहतो ते बहुतेक १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगावरून आलेलं. त्यातल्या नृत्यरचनेत राजवाड्याचे अंक मारियुस पेतिपाचे आणि तळ्याकाठचे अंक लेव्ह इवानोवचे. संगीतकार चायकोव्हस्की तोवर वारला होता. रिकार्दो द्रिगोने संगीताची फेरमांडणी केली. ओडिलच्या एकल नाचाचं संगीत तर चायकोव्हस्कीच्या पियानोच्या एका तुकड्यावरून वाद्यवृंदासाठी बसवलेलं आहे.

हे माहीत असण्याचा व्यावहारिक उपयोग असा की दोन कंपन्यांच्या नर्तिकांची तुलना करण्याआधी त्या तेच पदन्यास नाचताहेत का, हे तपासता येतं. रॉयल बॅलेची आवृत्ती लियम स्कार्लेटची, २०१८ ची. तिच्यात पहिल्या अंकातला तिघांचा नाच राजपुत्राचा मित्र बेनो आणि राजपुत्राच्या दोन बहिणी करतात. पॅरिसमध्ये नुरेयेवची आवृत्ती आहे. तिच्यात जादूगार रॉथबार्टला दरबाराच्या अंकात स्वतंत्र नाच आहे. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीत १९५० ची सर्गेयेवची आवृत्ती, शेवट गोड. बुर्मेइस्तरच्या १९५३ च्या आवृत्तीत काळ्या हंसिणीच्या, म्हणजे ओडिलच्या, नाचाचं संगीतच वेगळं. म्हणून पहिले तीन संच एकाच कंपनीचे, एकाच मोसमातले पाहावेत. आवृत्त्यांची तुलना हा वेगळा उद्योग आहे.

तिकीट आणि जागा

'स्वान लेक' वरून पाहायचं असतं. हंसिणींच्या रांगा, तिरपे छेद, अर्धवर्तुळं ही सगळी रचना खालच्या पहिल्या पाच-सहा रांगांतून दिसतच नाही. तिथून चेहरे दिसतात आणि कधीकधी पावलं कापली जातात. वरच्या मजल्यांवरची मधली जागा सर्वांत फायद्याची. अगदी कडेच्या जागा स्वस्त असतात, पण तिथून रंगमंचाचा एक कोपरा जातो आणि नेमक्या त्याच कोपऱ्यातून कुणीतरी प्रवेश करतं. तिन्ही वेळा साधारण त्याच उंचीवर बसा. एकदा खाली, एकदा वर बसलात तर फरक नर्तिकेतला की खुर्चीतला, हे सांगता येणार नाही.

दुर्बीण घ्यायची तर ६×३० घ्या. ८×२५ जास्त मोठं दाखवते, पण तिच्यातून डोळ्यापर्यंत उजेड कमी पोचतो आणि तळ्याकाठचे अंक अंधारलेले असतात. दुर्बीण माइमपुरती (हातांच्या खुणांनी कथा सांगण्यापुरती) लावावी आणि खाली ठेवावी. चेहऱ्यावर रोखून बसलं की पाय सुटतात.

संच जाहीर झाला तरी तो पक्का नसतो. घोटा, पोटरी, पाठ, काहीही दुखावतं आणि नाव बदलतं. तेवढ्यासाठी पैसे परत मिळण्याची आशा धरू नका. प्रयोगाच्या दिवशी दुपारी संचाची यादी पुन्हा पाहा. बदली जोडीने एकत्र सराव थोडाच केलेला असू शकतो, आणि ते मत देताना लक्षात ठेवावं लागतं.

ओडेट: पाठ पाहा, मनगट नव्हे

पहिली जागा ओडेटच्या प्रवेशाची. पंखांसारखे हात हलताना लाट पाठीतून, खांद्याच्या पात्यांमधून निघून बोटांपर्यंत गेली पाहिजे. ती कोपरापासून सुरू झाली तर नुसती हातांची फडफड दिसते. खांदे कानांकडे चढले की मान आखूड होते आणि भीतीऐवजी ताण दिसतो. हे थकव्यानेही होतं, म्हणून दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोनदा पाहा.

माइम ठेवलेल्या आवृत्तीत ओडेट आपली कथा हातांनी सांगते: हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं आहे. खुणा ठरलेल्या असतात. दोन बोटं वर म्हणजे शपथ, अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न, मुठी खाली एकमेकींवर ओलांडल्या की मृत्यू, डोक्यावर हात फिरवले की नाच. चांगली नर्तिका प्रत्येक खूण संगीताच्या वाक्यात पूर्ण करते आणि मगच पुढची घेते. घाई केली की सगळं एकात एक मिसळतं.

मग व्हायोलिन आणि पुढे चेलोबरोबरचं मोठं अदाजियो, म्हणजे दोघांचा संथ नाच. माझ्या मते सगळ्या भूमिकेची परीक्षा इथे आहे. पाय किती वर गेला हे बघू नका. तो वर जायला किती वेळ घेतो आणि सूर संपेपर्यंत वाढत राहतो का, ते बघा. पाय आधीच शेवटच्या उंचीला पोचवून तिथे थांबणारी नर्तिका छायाचित्रात सुंदर दिसते, पण व्हायोलिन पुढे निघून गेलेलं असतं. शेवटाकडे एका पायाचं पाऊल दुसऱ्या घोट्यापाशी थरथरतं. ती थरथर गुडघ्याखालीच राहायला हवी. मांडी हलली की ती ओबडधोबड होते.

या अदाजियोत ती डगमगली की दोष तिच्या नावावर टाकला जातो. आधी राजपुत्राकडे बघा. आधाराच्या पिरुएतमध्ये (एका पायावरच्या गिरकीत) तो लांब उभा असेल, हात पूर्ण ताणलेले असतील, तर तिचा अक्ष कलला हे त्याला उशिरा कळतं आणि मग तो कंबर ढकलून सरळ करतो. तो जवळ, कोपरं किंचित वाकवून उभा असूनही ती कलत असेल तर चूक बहुधा गिरकीआधीच्या तिच्या तोलाची. (१८९५ मध्ये राजपुत्र झालेला पावेल गेर्द्त पन्नाशीला आला होता, त्यामुळे या नाचात तिला सावरायला बेनोही मदतीला असे. आजच्या राजपुत्रांना ती सवलत नाही.)

कोडामध्ये, म्हणजे शेवटच्या वेगवान भागात, ओडेटच्या पावलांचं झपझप काम येतं. तिथे पावलांचा आवाज ऐका. धप्प आवाज म्हणजे उतरताना तळवा टप्प्याटप्प्याने टेकला नाही, किंवा बूट नवे आणि कडक आहेत. बऱ्याच नर्तिका ओडेटला मऊ आणि ओडिलला कडक बूट घालतात, कारण गिरक्यांना खालून घट्ट आधार लागतो. मऊ बुटाचा आवाज कमी, पण तो पुरता मेला असेल तर टोकावर उभं राहताना घोटा पुढे झुकतो.

ओडिल आणि त्या बत्तीस

फुएते १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीने या नाचात आणल्या आणि तेव्हापासून लोक मोजत आहेत. मोजायचंच तर आकडा नंतर, जागा आधी. पहिल्या गिरकीला आधाराचं पाऊल कुठे होतं ते रंगमंचावरच्या एखाद्या खुणेशी ताडून ठेवा आणि शेवटी ते कुठे आलं ते पाहा. थोडं पुढे येणं चालतं. दोन-तीन पावलं तिरपं सरकणं म्हणजे प्रत्येक गिरकीत टाच टेकते तेव्हा वजन टाचेवर न येता पुढे पडतंय. पॅरिसच्या पाले गार्निएचा रंगमंच प्रेक्षकांकडे सुमारे पाच टक्के उतरता आहे. तिथे हेच सरकणं थोडं माफ करा.

बिघाडाची कारणं थोडकीच असतात. आत घेतलेलं पाऊल गुडघ्यापाशी न येता पोटरीवर घसरलं की वेग मरतो. डोकं उशिरा फिरलं की दिशा सुटते. सुरुवातीलाच दुहेरी-तिहेरी गिरक्या घुसवल्या की विसाव्याच्या आसपास दम संपतो आणि शेवटच्या आठ नुसत्या पार पाडल्या जातात. स्वच्छ एकेरी बत्तीस आणि शेवटी नीट थांबणं हे भपकेदार पण विस्कटलेल्या दुहेरींपेक्षा केव्हाही वरचं, असं माझं ठाम मत आहे. पाय आधी पुढे काढून बाजूला नेणं की थेट बाजूला उघडणं, हा शिकवणीतला फरक आहे. त्याला चूक म्हणू नका. आणि ज्यांना आकडा म्हणजेच सर्वस्व वाटतं त्यांनी हे आठवावं की माया प्लिसेत्स्काया फुएतेंऐवजी रंगमंचाभोवती वेगवान गिरक्यांची फेरी घेई, आणि तिच्या ओडिलला कुणी कमी लेखत नाही.

ओडिलकडे खरं पाहायचं ते वेगळंच: ती ओडेटची नक्कल कुठे करते? पा द दोमध्ये (दोघांच्या नाचात) काही क्षणी ती त्याच पंखांच्या हालचाली करते आणि सिगफ्रीडचा संशय विरतो. तिथे क्षणभर ओडेट दिसली पाहिजे आणि लगेच पुसली गेली पाहिजे. सतत दुष्ट हसणारी ओडिल असेल तर राजपुत्र मूर्ख ठरतो.

राजपुत्राच्या एकल नाचात एकच गोष्ट तपासा: हवेत दोन फेरे घेऊन तो पावलं घट्ट मिटून उतरतो का. उडतानाच एक खांदा आधी फिरला तर अक्ष कलतो, आणि उतरताना छोटी उडी किंवा 'मुद्दाम टाकलेलं' पाऊल येतं. त्याहून दुर्मिळ म्हणजे पहिल्या अंकात नुसतं उभं राहणं. रॉयल बॅलेचा वदिम मुंतागिरोव त्यासाठी बघावा.

बाकीची मंडळी

हंसिणींच्या पहिल्या प्रवेशात अराबेस्कची (मागे ताणलेल्या पायाची) उंची सारखी आहे का आणि माना एकाच कोनात आहेत का, एवढं पुरे. अदाजियो चालू असताना बाजूच्या रांगा बराच वेळ निश्चल असतात. तिथे पोटऱ्यांत गोळे येतात, त्यामुळे पुढचं पाऊल उचलताना रांग थोडी फुटते. चार छोट्या हंसिणी हात गुंफून नाचतात, तेव्हा एकीचा तोल गेला की चौघींचा जातो. पाय सगळेच बघतात. तुम्ही डोकी बघा, चूक तिथे आधी दिसते. पुढची ओडेट बहुतेक याच चौघींत किंवा पहिल्या अंकाच्या तिघांत नाचत असते. तिचं नाव लिहून ठेवा.

लयीची जबाबदारी वाद्यवृंदाच्या संचालकाचीही आहे. एखाद्या रात्री फुएते घाईच्या वाटल्या तर तो कोण होता, हेही टिपा.

टिपणं आणि मत

मध्यंतरात दोन-तीन ओळी लिहा, घरी जाऊन नव्हे. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी: तिने काय केलं, संगीत तेव्हा कुठे होतं, आणि तुम्हाला काय वाटलं. पहिल्या दोन तथ्य, तिसरी रुची. सरमिसळ झाली की वाद होतात. 'ती थंड होती' यातून काही कळत नाही. 'माइममध्ये तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि अदाजियोत मान शेवटपर्यंत फिरवून ठेवली' यावर दुसरा प्रेक्षक काहीतरी बोलू शकतो. नर्तकाच्या वजनावर, अंगकाठीवर शेरे नकोत. रेषा बिघडली असेल तर कोणत्या सांध्यात, ते सांगा.

भूमिकेतल्या पहिल्या प्रयोगावर निकाल देऊ नका, त्याच मोसमातल्या दुसऱ्या प्रयोगाची वाट पाहा. पहिल्या रात्री पदन्यास सांभाळण्यातच लक्ष जातं.

प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर चित्रीकरणं आहेत: १९८० चे नतालिया माकारोवा आणि अँथनी डॉवेल, १९६६ चे फाँटेन आणि नुरेयेव, २०१८ चे मारियानेला नुन्येझ आणि मुंतागिरोव. तिन्ही आवृत्त्या वेगळ्या, म्हणून निकाल लावायला नव्हे, डोळा तयार करायला पाहा. जुन्या चित्रफितींत पाय आजच्या इतके वर जात नाहीत, तो त्या काळचा पायंडा होता. नुन्येझचं एखाद्या तोलावर निवांत रेंगाळणं, तरीही पुढच्या ठोक्याला न चुकणं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. पडद्यावर एक धोका कायम: पावलं पाहायची वेळ येते आणि कॅमेरा चेहऱ्यावर जातो, त्यामुळे हंसिणींच्या रांगांबद्दल चित्रफितीवरून काही लिहू नये. २०१४ पासून दरवर्षी होणाऱ्या वर्ल्ड बॅले डेला मोठ्या कंपन्यांचा रोजचा वर्ग फुकट दाखवतात. तो पूर्ण पाहा, विशेषतः बारवरचा (आधाराच्या दांड्यापाशी होणारा) पहिला भाग. पाय बाजूला उघडताना कंबर उचलली जाते की नाही, हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं ट्यूट्यूखाली (बॅलेच्या पसरट घागऱ्याखाली) कधीच दिसत नाही.

चौथ्या अंकाबद्दल थोडंच: तो लहान आहे, आवृत्तीगणिक सर्वांत जास्त बदलतो, आणि तोवर नर्तिका दमलेली असते. तिथे हातांची लाट अजून पाठीतूनच निघते का, एवढंच पाहा आणि टिपणाच्या शेवटी 'हो' किंवा 'नाही' लिहा.