सार्वजनिक आरोग्य पोषणात पदव्युत्तर शिक्षण : नाशिकहून सुरुवात कशी करावी

मुलगी घरी म्हणाली, "न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स करायचंय," की घरच्यांच्या डोळ्यांपुढे वजनकाटा, केबिन आणि डाएट चार्ट येतो. ते आहारतज्ज्ञाचं काम, आणि चांगलंच काम आहे. पण सार्वजनिक आरोग्य पोषण हे वेगळं प्रकरण. तिथे एका पेशंटचं ताट नसतं, अख्खा तालुका असतो.

सुरगाणा, पेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. लहान पोर सोबत येतं आणि त्याच्या नावचा अंगणवाडीतला आहार गावीच राहतो. घरच्या नागलीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण बागेच्या कडेला मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीवर नागली शिजते का, हा खरा प्रश्न. तो तुम्हाला सतावत असेल तर पुढे वाचा.

आधी अंगणवाडी, मग अर्ज

बालविकास प्रकल्प कार्यालयात रीतसर विचारून एखाद्या अंगणवाडीत तीन-चार दिवस बसा. शहरातली चालेल, पण पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरची पाहिलीत तर डोळे उघडतील. सेविका वजन-उंची कशी घेते, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये नोंद कशी करते, टीएचआरचं (घरी न्यायच्या शिध्याचं) पाकीट घरी गेल्यावर नेमकं कोण खातं, ते बघा. दंडाचा घेर मोजायची पट्टी हातात घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. 11.5 ते 12.5 च्या मधलं 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित. चार दिवसांत कंटाळा आला तर खुशाल डाएटेटिक्सकडे वळा, त्यात कमीपणा नाही. दोन वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

आकडे वाचायला शिका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने लुकडी. पहिलं दीर्घकाळच्या आबाळीचं लक्षण, दुसरं बहुधा अलीकडच्या उपासमारीचं वा आजारपणाचं. हा फरक मुलाखतीत विचारला जाण्याची दाट शक्यता. नाशिक जिल्ह्याचं आकड्यांचं पत्रक (फॅक्टशीट) वेगळं मिळतं, तेही उतरवून घ्या.

पदवी कोणती, हे पाहून वाट ठरवा

गृहविज्ञान, पोषण किंवा जीवरसायनशास्त्र झालं असेल तर एमएस्सीची वाट सरळ. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (1918 साली कुन्नूरला सुरू झाली, 1958 मध्ये हैदराबादला आली) उपयोजित पोषणात एमएस्सी देते. त्यासाठी तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा अन्न व पोषण विभाग या विषयात जुना आणि नावाजलेला. मुलींना जुहूचं एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालयही आहे.

बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, समाजकार्य अशा पदव्या असतील तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी पाहा. आपल्या म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमपीएचबरोबर खास पोषण विषयातलं एमपीएचही आखलेलं आहे. मुख्यालय नाशिकात म्हणून वर्गही नाशिकातच असं गृहीत धरू नका, यंदाच्या जाहिरातीत केंद्र बघा. टाटा समाजविज्ञान संस्थेचं एमपीएच पोषणापुरतं नाही, पण धोरण आणि साथरोगशास्त्र पक्कं करून घ्यायचं असेल तर माझं मत तिकडेच.

पत्राद्वारे होईल का?

मुक्त विद्यापीठ गंगापूरच्या वाटेवरच असल्याने नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सध्या नाही असं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्सचे नवे प्रवेश दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. तरीही कुणी 'घरबसल्या एमएस्सी' विकत असेल तर पैसे देण्याआधी मान्यतेचं पत्र मागा.

विभागाला फोन करून विचारा

मी तरी माहितीपत्रकावरच्या चकचकीत फोटोंवर जात नाही. दोन वर्षांत गावात किती आठवडे घालवायचे? प्रबंधासाठी स्वतः माहिती गोळा करायची की जुन्या फायली चाळायच्या? संख्याशास्त्र कोण शिकवतं आणि सॉफ्टवेअरवर हात बसवतात का? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर समजून जा.

नोकरीचंही आधीच डोक्यात असू द्या. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर एमपीएससी द्यावी लागते, नुसत्या मास्टर्सवर ते पद मिळत नाही. आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी असतात. स्वयंसेवी संस्था मराठी बोलणारा, पाड्यावर मुक्काम करू शकणारा माणूस शोधत असतात. डांगी किंवा कोकणी ही आदिवासी बोली येत असेल तर अर्जात ठळक लिहा.

तारखा

इथेच सगळ्यात जास्त मुलं अडखळतात. जूनमध्ये निकाल लागला की बघू, असं म्हणेपर्यंत गाडी सुटलेली असते. टाटा संस्थेसाठी लागणाऱ्या सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर दिवाळीच्या सुट्टीतच मार्गी लावा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्ती अर्ज प्रवेशानंतरचा, पण उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत काढून ठेवा, म्हणजे तहसील कार्यालयात दोनदा रांग लावायला नको.