पिल्लं मोठ्या कोंबड्यांत कधी नि कशी सोडायची

सोलापुरात एप्रिल-मेमधे पारा 42 च्या पुढं जातो, त्यामुळं पिल्लांना ऊब द्यायला दिवसा बल्ब लावायची गरजच नसते, उलट पिल्लं गरमीनंच मरतात. पहिल्या आठवड्यात 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला 2-3 डिग्री कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडं बघा, बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतीय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली तर बल्ब वर घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस द्या, हा रोग आला तर खुराडं रिकामं होतं.

मोठ्यांत सोडायची घाई नको. अंगावर पूर्ण पिसं पाहिजेत, दोन-अडीच महिने तरी होऊ द्या. आधी आठवडाभर मधे जाळी लावून शेजारी ठेवा, एकमेकांना दिसतील पण चोच मारता येणार नाही, मग रात्री अंधारात गुपचूप आत ठेवायचं. एकटं पिल्लू कधीच सोडू नका, चार-पाच एकदम. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, नायतर म्हाताऱ्या कोंबड्या खाऊच देत नाहीत. थोडी टोचाटोची होणारच, पण रक्त दिसलं की लगेच बाजूला काढा, बाकीच्या तिथंच टोचत बसतात. आणि लेयर फीडमधे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम जास्त असतं, पिल्लांच्या किडनीला त्रास होतो, म्हणून अंडी सुरू होईपर्यंत सगळ्यांनाच ग्रोवर (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या, मोठ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवायचा.