जलरंगात कोवळी पालवी मळकट दिसत असेल तर : माझा अनुभव

सुकून गेलेल्या बागेला पुन्हा धुमारे फुटू लागले की चित्र काढण्याची ऊर्मी येते. परंतु माझ्या जलरंगचित्रांत ही कोवळी पाने जून आणि मळकट हिरवीच उतरत असत. पांढरा रंग मिसळल्याने ती खडूसारखी फिकी झाली, तर पिवळा वाढवूनही तजेला येईना. या हिरव्याने मला अगदी रडकुंडीला आणले होते.

दोष मिश्रणात होता. माझा हिरवा अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा यांच्यातून बनत असे. अल्ट्रामरीन निळ्यात तांबूस झाक असते आणि ती पिवळ्याशी मिळून हिरव्याला मारते.

जमलेला क्रम असा. सकाळच्या तिरप्या उन्हात, पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे बसावे आणि संपूर्ण बाग न घेता एकाच फांदीचे टोक रेखाटावे. प्रत्येक पानात लेमन यलोचा पातळ हात द्यावा आणि कागद बोटाला गार लागेनासा होईपर्यंत थांबावे. कोवळ्या पानांत बहुधा अँथोसायनिन या लालसर रंगद्रव्यामुळे लाली असते. म्हणून टोकांवर पातळ गुलाबी लावून तोही वाळू द्यावा. त्यानंतरच लेमन यलोमध्ये हिरवट झाकेचा थॅलो ब्लू अगदी कणभर मिसळून तो शिरांच्या मधल्या जागेत भरावा, शिरा मात्र पिवळ्याच राखाव्यात. (थॅलो फार तीव्र असतो, तेव्हा हात आखडताच ठेवावा.) जुन्या सालीसाठी शेवटी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा वापरावा, त्याच्या शेजारी पालवीचा हिरवा लख्ख उठून दिसतो.