स्पार्क प्लगचे आटे गेले? हेड न उतरवता दुरुस्ती अशी करा

स्पार्क प्लग पोलादाचा, आणि तो ज्यात बसतो ते सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं. या दोघांची झटापट झाली की हार ॲल्युमिनियमचीच. प्लग तिरका लागलेला असताना पान्याने रेटला, गरजेपेक्षा जास्त आवळला, इंजिन गरम असतानाच काढला किंवा काजळीने जाम झालेला तसाच ओढला, की हेडमधले आटे जातात. प्लग सैल राहिला तरी गत तीच. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटासरशी तो हलतो, आटे झिजत जातात आणि शेवटी प्लग त्याला वीज देणाऱ्या कॉइलसकट उडून बाहेर येतो.

यासाठी हेड उतरवायची गरज बऱ्याचदा पडत नाही. पण टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हातात घेण्याआधी आटे नुसते चेंगरलेत की पार गेलेत, हे आधी ठरवा. भोक एकदा मोठं केलं की पुन्हा लहान होत नाही.

आधी तपासणी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगभोवतीची धूळ-माती हवेच्या झोताने उडवा आणि मगच प्लग बाहेर काढा, नाहीतर ती सगळी सरळ सिलिंडरमध्ये जाते. काढलेला प्लग नीट न्याहाळा. त्याच्या आट्यांत चंदेरी, तारेसारखी वळलेली पट्टी अडकलेली दिसली, तर हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर आलेत. नुसती काळी काजळी असेल तर आशा आहे. भोकात बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घाला. साधा, मोबाइलला जोडायचा चालतो. सुरुवातीचे दोन-तीन आटे बिघडलेत आणि खालचे शाबूत आहेत, असं चित्र बऱ्याचदा दिसतं.

तसं असेल तर नवं काही बसवू नका. आटे साफ करणारा चेझर पुरेसा आहे. वरचेच आटे खराब असतील तर बॅक टॅप अधिक चांगला: तो मिटलेला आत जातो, खाली फुलतो आणि चांगल्या आट्यांचा आधार घेत आतून बाहेर येतो, त्यामुळे तिरका जायची भीती राहत नाही. प्लग हाताने शेवटपर्यंत गेला आणि योग्य टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) घट्ट झाला, की काम संपलं.

इन्सर्ट कोणता?

प्लग आवळताना नुसताच फिरत राहतो, घट्ट होतच नाही, तर इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायचे तयार नवे आटे, लागणार. त्याचे दोन प्रकार: तारेच्या वेटोळ्याचा आणि भरीव स्लीव्हचा (नळकांड्याचा). वेटोळं स्वस्त आणि बसवायला सोपं, पण पुढे प्लग काढताना ते सोबत बाहेर येऊ शकतं. प्लगसाठी माझा कौल भरीव स्लीव्हला. तिला वरच्या बाजूला कडा असते, म्हणून ती ठरलेल्या खोलीपलीकडे जात नाही.

किट घेण्याआधी प्लगचं माप पाहा. सर्वांत जास्त आढळणारा आटा १४ मिमी व्यासाचा, १.२५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर). नव्या इंजिनांत १२ मिमीचाही असतो. आट्याची लांबी बऱ्याच प्लगना १९ मिमी, काहींना २६.५ मिमी. बैठक वॉशरची की निमुळती, हेही बघा, कारण दोन्हींची किटं वेगळी. स्लीव्ह प्लगच्या आट्याइतकीच लांब हवी. सिलिंडरमध्ये डोकावणारं तिचं टोक तापून लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच इंधन-हवेचं मिश्रण पेटवतं.

कीस आत जाऊ न देणं

सगळी कसोटी इथे आहे. आटे पाडायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कीस आवरण्यात, आणि तो जायलाच हवा. ॲल्युमिनियमचा एक तुकडा व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकला, की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. सगळे प्लग काढा. रबरी नळीचं एक टोक बिघडलेल्या भोकावर दाबून धरा, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवा आणि इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) फिरवण्यासाठी त्याच्या पुलीचा नट गोटी पान्याने इंजिनच्या नेहमीच्या दिशेने फिरवायला कुणाला तरी सांगा. हवा अंगठ्याला ढकलू लागली, की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतोय. तो अगदी वर पोचल्यावर क्रँक आणखी साधारण पाव फेरा फिरवा. आता पिस्टन टॅपच्या वाटेतून खाली गेलेला असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. काम संपेपर्यंत क्रँकला हात लावू नका.

टॅपच्या खोबणींत घट्ट ग्रीस भरा. कीस त्यातच चिकटतो. टॅप भोकाच्या रेषेत सरळ धरा. किटमध्ये गाइड असेल तर तो वापराच, कारण प्लग बसतो त्या खोल विहिरीत नजरेचा अंदाज फसतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत जा. दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढा, पुसा, ताजं ग्रीस भरा, पुन्हा घाला. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केलीत तर हेड उतरवावं लागेल. स्लीव्हच्या कडेसाठी खाच पाडायचं कटरही याच पद्धतीने वापरा. रीमर किंवा टॅप ड्रिल मशीनला लावू नका.

मग व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून सिलिंडर साफ करा, बोअरस्कोपने पाहा, पुन्हा साफ करा. उरलेले कण ग्रीस लावलेल्या काडीने टिपा. हवेचा झोत सर्वांत शेवटी मारा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

स्लीव्ह आणि प्लग

नव्या आट्यांवरचं तेल-ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. स्लीव्हच्या बाहेरच्या आट्यांवर उष्णता सोसणाऱ्या थ्रेड लॉकरचा (आटे पक्के करणाऱ्या गोंदाचा) पातळ थर द्या. किटच्या ड्रायव्हरला तेल लावून स्लीव्ह कडा टेकेपर्यंत बसवा. काही किटांत ड्रायव्हर तसाच पुढे फिरवायचा असतो. तो खालचे आटे फुलवून स्लीव्ह जागच्या जागी पक्की करतो. ड्रायव्हर अचानक हलका फिरू लागला, की झालं. वॉशरच्या प्लगला स्लीव्हची कडा बैठकीच्या वर राहिलेली चालत नाही. लॉकर बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका सुकू द्या.

प्लग बसवण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सुटेच ठेवा, बॅटरी जोडा आणि इंजिन काही सेकंद स्टार्टरवर फिरवा. भोकांसमोर उभं राहू नका. उरलासुरला कीस वेगाने बाहेर येतो.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकात खोचून बोटांनीच फिरवा. आटा तिरका लागला तर नळी निसटते, आटे वाचतात. शेवटी टॉर्क रेंच. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरच्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका. मुलामा दिलेल्या प्लगना त्याची गरज नसते, आणि निसरडे आटे त्याच टॉर्कला जास्त आवळले जातात.

फ्यूज आणि कनेक्टर जोडून इंजिन सुरू करा आणि प्लगच्या विहिरीकडे कान द्या. टिकटिक किंवा फुसफुस आली, तर बैठक गळतेय. लगेच बंद करून स्लीव्हची कडा पाहा. आवाज नसेल तर इंजिन गरम होऊ द्या आणि गार झाल्यावर प्लगभोवती काजळीची रेघ उमटलीय का ते बघा. आणि बोअरस्कोपमध्ये हेडला प्लगच्या भोकापासून व्हॉल्व्हकडे जाणारी चीर दिसली असेल, तर यातलं काहीच करू नका; ते हेड उतरवूनच मशीन शॉपमध्ये न्यायला हवं.