आयटीपी असताना कोविड झाला तर

आयटीपी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) नष्ट करते तो आजार. कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरचे आधी प्लेटलेट्सचा आकडा विचारतात. तो हवाच, पण त्याआधी औषधांचा डबा काढा.

प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे बनवायचे कमी करते. गोळी एकदम थांबली तर तापातच रक्तदाब कोसळू शकतो. उलटीत गोळी पडून जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेट्स वाढवणारी गोळी) घेणाऱ्यांची चूक वेगळी. कोविड झाला म्हणून झिंक सुरू होते आणि दोन्ही गोळ्या एकाच घोटात जातात. झिंक, कॅल्शियम, लोह, अँटासिड, दूध यांच्यामुळे हे औषध अंगी लागत नाही. ते त्यांच्या 2 तास आधी किंवा 4 तासांनंतर घ्या.

तापाला फक्त पॅरासिटामॉल: यकृत ठीक असेल तर मोठ्यांना 500 मिग्रॅ, लागल्यास दर 6 तासांनी. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असते, ते उरल्यासुरल्या प्लेटलेट्सचेही काम बिघडवते. स्ट्रिपच्या मागचे बारीक अक्षर वाचाच.

रोज सकाळी टॉर्च घेऊन हिरड्या, टाळू, गालाची आतली बाजू बघा, मग नडग्या. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील तर ते कातडीखालचे रक्त. नडगीवर नवे ठिपके दिसले तर फोन करा. तोंडात रक्ताचे फोड दिसले तर थेट रुग्णालय गाठा.

प्लेटलेट्स कमी म्हणजे रक्ताची गुठळी होणार नाही, हा समज फार घातक आहे. कोविडमध्ये गुठळीचा धोका वाढतो, एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम (प्लेटलेट्स वाढवणारे इंजेक्शन) यांनीही वाढतो. एकाच पोटरीला सूज आली, छातीत दुखले, धाप लागली तर थांबू नका. भरती झाल्यावर, रक्तस्राव नसेल आणि आकडा पुरेसा असेल, तर डॉक्टर हेपारिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) सुचवतात; नुसत्या भीतीने नाही म्हणू नका.

अंगावर ठिपके किंवा रक्तस्राव काहीच नसताना आकडा अचानक कोसळला तर रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, नळीत प्लेटलेट्सचे पुंजके झाले की मशीन कमी मोजते. पावसाळ्यात डेंग्यूचीही तपासणी करा. ताप गेल्यावरही 2-3 आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करा.

ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली, असह्य डोकेदुखी, गुंगी, काळी शौच: 108. प्लीहा काढलेली असेल तर नुसता तापही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा, कारण तो कोविडचाच असेल असे नाही.